रोमन सैन्याच्या मुक्कामी छावण्यांचे अवशेष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची माहिती मुख्यतः ब्रिटनमधल्या छावण्यांची आहे. एकट्या स्कॉटलंडमध्येच अशा दोनशेहून अधिक छावण्या नोंदल्या गेल्या आहेत आणि या विषयाचा जुना, सलग अभ्यासही तिथे झाला आहे.

मुक्कामी छावणी आणि रोमन किल्ला यांत फरक काय?

किल्ला वर्षानुवर्षे राहण्यासाठी बांधलेला असे. त्यात लाकडी किंवा दगडी बराकी, धान्याची कोठारे, कार्यालय, जवळच स्नानगृह. मुक्कामी छावणी, म्हणजे मार्चिंग कॅम्प, चालत्या फौजेने एका रात्रीसाठी किंवा थोड्या दिवसांसाठी उभारलेली असे. आत चामड्याच्या राहुट्या, भोवती चर, चराच्या आतल्या अंगाला मातीचा बांध आणि बांधावर लाकडी खुंट, एवढाच तिचा संसार. पक्की इमारत एकही नाही. त्यामुळे भिंती आणि खांब पाहायच्या तयारीने गेलेला माणूस निराश होऊन परततो. इथे पाहायची असते ती गवताखालची रेषा: कुठे सुरू होते, कुठे वळते, कुठे तुटते. हे एकदा डोळ्यांत बसले की उघड्या माळावर पूर्ण फौजेचा तळ वाचता येतो.

ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या नकाशांवर ‘रोमन कॅम्प’ असे छापलेले असते. जुन्या नकाशांवर कधी कधी पक्क्या किल्ल्यालाही तेच नाव दिलेले आढळते, म्हणून निघण्याआधी त्या जागेची सरकारी नोंद वाचून घ्यावी.

एका रात्रीसाठी एवढी खोदाई कशाला?

शत्रूच्या मुलखात दिवसभर चाललेली फौज संध्याकाळी सर्वांत दुबळी असते. माणसे थकलेली, जनावरे सोडलेली, शस्त्रे बाजूला ठेवलेली. चर आणि बांध मोठा वेढा थोपवू शकत नसत, पण अचानक आलेल्या घोडदळाला अडवत आणि आतल्यांना सावरायला वेळ देत. दुसरा फायदाही तितकाच मोलाचा होता. मांडणी रोज तीच असल्यामुळे प्रत्येक तुकडीला आपली जागा न विचारता ठाऊक असे. पुढे गेलेले अधिकारी जागा निवडून निशाणे रोवून ठेवत. सेनापतीच्या तंबूच्या जागी पांढरे निशाण असे, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. मागून येणारी फौज थेट आपापल्या निशाणापाशी जाई. रात्री हल्ला झाला तरी कोणत्या दरवाजावर कोण धावायचे, हे ठरलेले असे.

चर आणि बांध यांची मापे काय होती?

लेखी आकडे दोन ठिकाणी मिळतात. हायजिनस या रोमन लेखकाच्या नावावर मोडणाऱ्या छावणीविषयक ग्रंथात चर किमान ५ फूट रुंद आणि ३ फूट खोल, तर बांध ८ फूट रुंद आणि ६ फूट उंच सांगितला आहे. युद्धशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक व्हेजिशियस फार मोठा धोका नसताना ९ फूट रुंद आणि ७ फूट खोल चर सांगतो. रोमन फूट सुमारे २९.६ सेंटीमीटरचा, म्हणजे हायजिनसचा चर जेमतेम दीड मीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर खोल. उत्खननात व्हेजिशियसच्या मापापेक्षा लहान चरच जास्त सापडतात.

आता हिशेब करून पाहा. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा काप असलेल्या त्या चरातून लांबीच्या दर मीटरला सुमारे ०.६६ घनमीटर माती निघते. पण ८ फूट रुंद आणि ६ फूट उंच बांध अगदी त्रिकोणी धरला तरी दर मीटरला २ घनमीटरहून जास्त माती लागते. चरातली माती एक तृतीयांशही पुरत नाही. उरलेला भाग गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्यांनी भरत, आणि त्या लाद्या आसपासच्या रानातून सोलून काढत. व्हेजिशियसने लादीचे माप दीड फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट जाड असे दिले आहे. अशी ओली लादी २५ ते ३० किलो भरते. लाद्या पुढच्या बाजूला विटांसारख्या रचत आणि चरातली सुटी माती मागे टाकत. जिथे गवत विरळ किंवा जमीन खडकाळ, तिथे बांध ठेंगणा होई. आज बांधाची उंची एकाच छावणीत जागोजागी बदलते, त्याचे एक कारण हे आहे. पुढच्या काळातली नांगरट हे दुसरे.

चराच्या तळाशी कधी कधी फावड्याच्या रुंदीची अरुंद खाच असते. ती शत्रूचा पाय मोडण्यासाठी होती असे जुन्या पुस्तकांत वाचायला मिळते. चर साफ करताना फावडे ओढून पडलेली खाच, हे साधे स्पष्टीकरण आम्हाला जास्त पटते.

हे सगळे किती वेळात होत असे?

२५ हेक्टरची चौकोनी छावणी धरा. घेर सुमारे २,००० मीटर. हायजिनसच्या मापाने चरातून निघणारी माती १,३२० घनमीटर. सहा हजार माणसे कामाला आणि बाकीची पहाऱ्यावर असतील, तर एकेकाच्या वाट्याला ०.२२ घनमीटर, म्हणजे २० लिटरच्या अकरा पाट्या. मऊ जमिनीत ही खोदाई फारच थोडी आहे. अडचण माणसांची नसून जागेची: दर मीटरला तीन माणसे येतात आणि एवढ्या अरुंद चरात ती एका वेळी उभी राहू शकत नाहीत. म्हणून एक खणणारा, एक माती वर टाकणारा, एक लाद्या आणणारा, अशी वाटणी करावी लागते. लाद्या कापून वाहून आणण्यातच जास्त वेळ जाई. सगळे धरून दोन-तीन तासांत काम उरकत असावे. खडक किंवा चिवट चिकणमाती लागली की हे गणित बिघडते.

अवजारे सैनिक स्वतः वाहत. ज्यू इतिहासकार जोसिफसच्या यादीत करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामड्याचा पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांचा शिधा आहे. बांधावरचे खुंटही बरोबर नेत आणि निघताना उपटून पुढच्या मुक्कामाला वापरत. जर्मनीत ओबराडेन येथे असे ओकचे खुंट मोठ्या संख्येने सापडले. दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मध्यभागी पकडायला किंवा बांधायला खाच, अशी त्यांची घडण आहे.

छावणीचा आकार आणि दरवाजे कसे ओळखावेत?

सर्वसाधारण आकार चौकोनी किंवा लांबट चौकोनी, बाजू सरळ, कोपरे गोलसर. हायजिनस लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ ठेवायला सांगतो. प्रत्यक्षात डोंगरउतार आणि ओढे पाहून आकार वाकवलेला दिसतो. कोपरा गोल ठेवायचे कारण साधे: टोकदार कोपऱ्यावरचा बांध लवकर ढासळतो आणि तिथे उभ्या माणसाला दोन्हीकडून मारा बसतो.

खरी ओळख पटते ती दरवाजांवर. फाटक म्हणून काही नसे, फक्त बांधात मोकळी फट. त्या फटीचे रक्षण करायच्या मुख्यतः दोन पद्धती होत्या.

पहिली टिट्युलम. दरवाजासमोर काही अंतरावर चर आणि बांधाचा सुटा तुकडा, साधारण दरवाजाच्या रुंदीएवढा. हायजिनस अंतर ६० फूट सांगतो, प्रत्यक्षात ते कमीजास्त आढळते. समोरून धावत येणाऱ्या जमावाला हा तुकडा फोडून दोन बाजूंना वळवतो.

दुसरी क्लाव्हिक्युला. बांधाचे एक टोक पाव वर्तुळासारखे आत किंवा बाहेर वळवलेले. आत शिरणाऱ्याला वाकडे वळावे लागते आणि त्याची उजवी बाजू, जिकडे ढाल नसते, बांधावरच्या पहारेकऱ्यासमोर येते.

स्कॉटलंडमध्ये तिसरा प्रकारही दिसतो. अँगस भागातल्या स्ट्रॅकाथ्रो गावावरून त्याला नाव पडले आहे. दरवाजाच्या एका बाजूने बाहेर वळलेला बांध आणि दुसऱ्या बाजूने तिरकी सरळ रेघ. हा प्रकार इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या मोहिमांशी जोडला जातो. जागेवर गेल्यावर आधी कोपरा शोधा, तिथून बाजू धरून चाला आणि मधली फट गाठा. फटीसमोर काही पावलांवर हलकासा उंचवटा लागला, तर तुम्ही टिट्युलमवर उभे आहात.

आत काय सापडते?

वस्तू फार थोड्या. बुटांच्या तळाचे खिळे, राहुटीची मेख, क्वचित एखादे नाणे किंवा खापर. एका राहुटीत आठ माणसे राहत. प्रत्येकाला दिवसाला साधारण ८५० ग्रॅम गहू धरला जातो, म्हणजे राहुटीमागे जवळपास सात किलोंचे दळण. त्यासाठी हातजाते आणि ते वाहायला खेचर असे.

सर्वांत बोलका अवशेष म्हणजे भाकरी भाजायच्या भट्ट्या. अ‍ॅबर्डीनशायरमधल्या किंटोर येथे सुमारे ४४ हेक्टरच्या छावणीत शंभराहून अधिक भट्ट्या उघडकीला आल्या. स्कॉटलंडमधल्याच एअर शहरात शाळेच्या बांधकामाआधीच्या उत्खननात २६ मोठे अग्निखड्डे मिळाले, बरेचसे जोडीचे, एकमेकांपासून ३० मीटर अंतरावरच्या दोन समांतर ओळींत. प्रत्येकाचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा: एका टोकाला मातीच्या घुमटाची भट्टी, दुसऱ्या टोकाला राख ओढून काढायचा खड्डा. एवढ्या शिस्तीच्या ओळी आल्या की राहुट्यांच्या रांगा कशा मांडलेल्या होत्या, याचा अंदाज बांधता येतो. म्हणून छावणीच्या आतली ‘रिकामी’ जमीन रिकामी समजून त्यावर बांधकाम होते, तेव्हा खरे नुकसान होते. चर वाचतो, आतल्या भट्ट्या जातात.

क्षेत्रफळावरून सैनिकांची संख्या काढता येते का?

मर्यादा सांगता येतात, नेमका आकडा नाही. हायजिनसची छावणी २,३२० × १,६२० फूट, म्हणजे सुमारे ३३ हेक्टर, आणि तीत चाळीस हजारांच्या आसपास माणसे बसवलेली आहेत. हेक्टरी बाराशे. पॉलिबियसची प्रशस्त मांडणी धरली तर हेक्टरी साडेचारशेच्या जवळपास. मग २५ हेक्टरच्या छावणीत ११ हजार की ३० हजार? शिवाय सामानाच्या गाड्या, खेचरे, घोडदळ यांचे प्रमाण मोहिमेगणिक बदलते. ‘अमुक छावणीत इतके हजार सैनिक होते’ असे छातीठोक वाक्य फलकावर दिसले, तर त्यामागे कोणते प्रमाण धरले आहे ते विचारा.

मी नकाशावरच्या जागी गेलो, पण शेतात काहीच दिसले नाही. का?

कारण सुपीक सखल भागातल्या बहुतेक छावण्या नांगरून सपाट झाल्या आहेत. बांध गेला, चर बुजला. पण बुजलेल्या चरात माती खोल आणि ओलसर राहते. कोरड्या उन्हाळ्यात त्यावरचे पीक आजूबाजूच्या पिकापेक्षा उंच आणि उशिरापर्यंत हिरवे राहते आणि विमानातून चराची हिरवी रेघ उमटलेली दिसते. सातू या बाबतीत फार चोख पीक आहे, गहूही चालतो. वाळू आणि खडीची जमीन उत्तम. चिकणमातीत किंवा कुरणात खूण क्वचित उमटते. पाऊस चांगला झाला की सगळे रान एकसारखे हिरवे होते आणि खूण पुसली जाते. १९७६ आणि २०१८ ही कोरडी वर्षे म्हणूनच लक्षात राहिली.

केंब्रिजचे जे. के. सेंट जोसेफ यांनी १९४५ पासून हवाई छायाचित्रे घेऊन अनेक छावण्या उजेडात आणल्या. त्यांच्याही आधी, अठराव्या शतकात, लष्करी सर्वेक्षक विल्यम रॉय यांनी पायी फिरून आराखडे काढले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १७९३ साली छापले गेले. त्यांनी नोंदवलेले काही बांध पुढे नांगराखाली गेले, त्यामुळे ते आराखडे आजही संशोधकांच्या टेबलावर असतात.

लायडारच्या (विमानातून लेझर किरणांनी जमिनीचे चढउतार मोजण्याच्या तंत्राच्या) चित्रात चौकोन दिसला. तो रोमन आहे हे कसे ठरवू?

घाई करू नका. मेंढवाडे, बागांचे जुने कुंपण, मध्ययुगीन शेताचे बांध, दुसऱ्या महायुद्धातले लष्करी तळ, हे सगळे चौकोनच दिसतात. बाजू सरळ आहेत का, कोपरे एकाच वळणाने गोल झाले आहेत का, चर बाहेर आणि बांध आत आहे का, बाजूंच्या मधोमध फटी आहेत का, फटीसमोर सुटा तुकडा आहे का, हे पाहा. मध्ययुगीन नांगरटीचे उंचसखल वाफे त्या रेषेवरून गेले असतील, तर रेषा त्याहून जुनी. शेताचे आजचे कुंपण त्या रेषेशी तंतोतंत जुळत असेल, तर संशय घ्या. इंग्लंडचा एक मीटर तपशिलाचा लायडार विदा सरकारने मोफत खुला केला आहे. नोंदी पडताळायला वेल्ससाठी कॉफ्लाइन आणि स्कॉटलंडसाठी ट्रोव्ह डॉट स्कॉट ही संकेतस्थळे आहेत.

आणखी एक गोष्ट. अगदी लहान, एखाद्या अंगणाएवढ्या चौकोनाला चारही दरवाजे आणि चारही गोल कोपरे असतील, तर ती सरावाची छावणी असू शकते. कोपरे आणि दरवाजे हेच कठीण काम, म्हणून शिकाऊ सैनिकांकडून तेवढेच करून घेत. वेल्समधल्या लँड्रिंडॉड कॉमनवर अशा बऱ्याच आहेत.

छावणीचा काळ कसा ठरवतात?

वस्तू नसल्यामुळे आडवाटेने. दरवाजाचा प्रकार, रोमन रस्त्याशी असलेले नाते, एकावर एक आलेल्या चरांचा क्रम आणि भट्टीतल्या कोळशाची कार्बन-तपासणी. या तपासणीत एक खोच आहे. ओकच्या जुन्या खोडाचा कोळसा घेतला तर झाडाच्या गाभ्याचे वय मिळते, आग पेटल्याचे नव्हे. म्हणून हेझेलच्या बारीक काटक्या किंवा जळके दाणे निवडतात. तरीही इसवी सन ८० आणि १४० यांच्यात फरक करणे प्रत्येक वेळी जमत नाही.

आकारमान सारखे असलेल्या छावण्यांची माळ ओवून एकाच मोहिमेचा मार्ग काढण्याची पद्धतही आहे. फोर्थ नदीच्या दक्षिणेकडची सुमारे ६७ हेक्टरच्या छावण्यांची माळ रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या इ. स. २०८ ते २११ च्या स्वारीची मानली जाते. माळ जेवढी नियमित, तेवढा तर्क भक्कम. दोनच छावण्या जुळल्या तर त्यावर भिस्त ठेवू नये.

एकच छावणी पाहायची असेल तर कोणती?

आमचे उत्तर: उत्तर इंग्लंडमधली रे क्रॉस. स्टेनमोर खिंडीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या जवळपास, आठ हेक्टरहून थोडी मोठी. कधीच नीट नांगरली न गेल्यामुळे बांध अजून ठळक आहे आणि दरवाजांसमोरचे टिट्युलम डोळ्यांना सहज दिसतात. खाली चुनखडीचा खडक असल्यामुळे चर मात्र फारसा खोदता आलेला नाही. माती नसेल तेव्हा छावणी कशी उभारत, ते इथे कळते. एका बाजूचा भाग दगडखाणीत गेला आहे. ब्रिगांटीज या स्थानिक जमातीविरुद्ध इ. स. ७१ ते ७४ च्या दरम्यान ब्रिटनचा रोमन राज्यपाल पेटिलियस सेरियालिस याने केलेल्या मोहिमेशी तिचा संबंध लावतात.

छावणीच्या पोटातून ए६६ हा रस्ता जातो, रोमन रस्त्याच्याच मार्गाने. अवजड ट्रक सतत धावतात. गाडी ठरलेल्या थांब्यावरच लावा आणि रस्ता पायी ओलांडून दुसरी बाजू पाहण्याचा मोह टाळा. हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता कधी कधी बंद होतो, निघण्याआधी चौकशी करा.

आणखी कुठे?

वेल्समध्ये ट्रेकॅसल गावाजवळच्या डोंगरावरचे य पिग्विन: सुमारे १५ हेक्टरच्या छावणीच्या आत नंतरची १० हेक्टरची छावणी, शिवाय आत वळलेल्या क्लाव्हिक्युला. स्कॉटलंडमध्ये ब्रेको गावालगतचे आर्डॉक: पक्क्या किल्ल्याशेजारी एकमेकींवर चढलेल्या छावण्या. नॉर्थम्बरलंडमधले च्यू ग्रीन अप्रतिम आहे, पण ते लष्कराच्या सराव क्षेत्रात येते. गोळीबाराच्या दिवसांचे वेळापत्रक पाहूनच जा आणि लाल निशाण फडकत असेल तर मागे फिरा.

ब्रिटनबाहेर अशा छावण्या आहेत का?

आहेत, आणि अलीकडे झपाट्याने सापडत आहेत. उत्तर स्पेनमधल्या ६६ छावण्यांची यादी २०२० साली प्रसिद्ध झाली. स्वित्झर्लंडमध्ये कोल्म ला रुंगा येथे २,२०० मीटर उंचीवर लायडारमुळे २०२३ साली एक छावणी सापडली. उत्तर अरबस्तानच्या वाळवंटात उपग्रह-चित्रांवरून ओळखलेल्या तीन छावण्या २०२३ साली जाहीर झाल्या. इ. स. १०६ मध्ये रोमने नबातियन राज्य घेतले, त्या घटनेशी त्यांचा संबंध असावा असे संशोधकांचे मत आहे. इस्रायलमधल्या मसाडा या डोंगरी किल्ल्याभोवतीच्या आठ छावण्या वेढ्याच्या आहेत, मुक्कामाच्या नाहीत. तिथे गवत-माती नसल्याने तट दगडांचे रचले आणि म्हणूनच ते इतके स्पष्ट उरले.

महाराष्ट्रात रोमन छावणी सापडली आहे का?

नाही. रोमन फौज इकडे कधी आलीच नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतला कांस्याचा पोसायडन किंवा तेर आणि नेवासे येथील मद्यकुंभांची खापरे ही सोपारा-कल्याणच्या सागरी व्यापाराची देणगी आहे.

कधी जावे, काय न्यावे?

डोंगरावरच्या छावण्या नोव्हेंबर ते मार्च या काळात, सूर्य खाली असताना पाहाव्यात. तिरप्या उन्हात २० सेंटीमीटरचा उंचवटाही सावली टाकतो. भर दुपारी तोच नाहीसा होतो. उन्हाळ्यात ब्रॅकन नावाचे नेचे कमरेएवढे वाढते आणि सगळे झाकते. जलरोधक बूट, कागदी नकाशा, होकायंत्र आणि छावणीचा छापील आराखडा बरोबर असू द्या. डोंगरात फोनला रेंज मिळेलच असे नाही. बांधावरून चालू नका, बाजूने चाला; गवत एकदा सोलले की पाऊस उरलेले काम करतो. शेतांची फाटके जशी असतील तशीच ठेवा, मेंढ्या सुटतात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरता येते, पण उभ्या पिकात शिरता येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये खासगी शेतात सार्वजनिक पायवाट नसेल तर मालकाला विचारावेच लागते.

मेटल डिटेक्टर नेला तर चालेल का? काही सापडले तर?

संरक्षित स्मारकावर मुळीच नाही. १९७९ च्या कायद्याप्रमाणे लेखी परवानगीशिवाय तिथे डिटेक्टर वापरणे हाच गुन्हा आहे, काही उकरले नाही तरी. कारणही समजून घ्या: बुटाचा एक खिळा कुठल्या थरात होता, यावर कधी कधी पूर्ण छावणीचा काळ ठरतो. खिशात गेलेला खिळा म्हणजे नुसते गंजके लोखंड.

चालताना वर पडलेली वस्तू दिसली तर ती उचलू नका. शेजारी नाणे किंवा किल्ली ठेवून जवळून आणि लांबून छायाचित्र घ्या, फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा आणि जमीनमालकाला कळवा. स्कॉटलंडमध्ये जुन्या बेवारस वस्तू, धातू कोणताही असो, राजसत्तेच्या मालकीच्या मानल्या जातात आणि ट्रेझर ट्रोव्ह विभागाला कळवाव्या लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये जिल्ह्याच्या शोध-संपर्क अधिकाऱ्याला कळवावे.